एकाचा आकडा आणि एल
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय ‘कोडिंग आणि लेखनासाठी फॉन्टची निवड’ असा छापला आहे. तो वाचून काल एक मावशी म्हणाल्या, “अरे, कीर्तनाच्या वेळेला हे काय ठेवलंय?” त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण गेल्या वर्षी याच सभागृहाच्या दारात जे घडलं, त्याबद्दल आपल्या मंडळाच्या संगणक समितीला तुमच्याशी बोलायचंच होतं. समितीत आम्ही चौघं. एक बँकेतून निवृत्त झालेल्या ताई, एक नोकरदार आणि दोन कॉलेजातली मुलं. माईकवर एकच जण असला तरी बोलणं चौघांचं आहे, आणि चूक तर चौघांची आहेच.

वडोदऱ्यातल्या आपल्या घरांची वर्गणी कशी असते, ते तुम्हाला ठाऊक आहे. कुणी पाचशे देतं, कुणी अडीचशे. पण जुन्या घरांतून येते ती एकावन्न, एकशे एक, पाचशे एक, एक हजार एक अशी. वरचा एक सोडायचा नाही, ही आपली रीत. गोष्टीत पुढे हाच एक येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मंडळाचा हिशेब एकतीस वर्षं एकाच माणसाने ठेवला. आपण सगळे त्यांना हिशेबनीस काका म्हणतो, आम्हीही तेच म्हणू. त्यांची कीर्द आणि खतावणी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना वेगळं काही सांगायला नको. गेल्या वर्षी आम्ही ठरवलं की वर्गणीची नोंद संगणकावर घ्यायची. आमच्यातल्या मुलांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये करायच्या, पावती क्रमांक आधीच भरलेला, आपण फक्त नाव आणि रक्कम टाकायची. प्रोग्रॅम ती फाइल वाचतो, बेरीज करतो आणि दारातल्या फलकासाठी यादी काढून देतो. एका संध्याकाळी गर्दी झाली, तेव्हा काका म्हणाले, “सरका, आज मी बसतो.” वय अठ्ठ्याहत्तर, पण टायपिंग असं की आम्ही बघत राहिलो. वीसेक पावत्या त्यांनी भराभर चढवल्या.

तिसऱ्या दिवशी यादी फलकावर लागली. त्याच रात्री काकांचा रोजमेळ जुळेना. रोकड जास्त, यादीची बेरीज कमी. फरक २,३०६ रुपये. हिशेबाचं काम न केलेल्याला वाटेल की पैसे जास्त आहेत तर बरंच झालं. काका म्हणाले, “कमी असते तर खिशातून भरले असते. जास्त आहेत म्हणजे कुणाची तरी पावती आपण गिळली.” त्यांनी रात्री स्थळप्रती काढल्या आणि यादीशी एकेक ताडून पाहिल्या. सहा घरं यादीत नव्हती. तीन घरांचे एकशे एक, दोघांचे पाचशे एक आणि एका घराचे एक हजार एक.

हे एक हजार एक एका आजींचे होते. यजमान गेल्यानंतरचा पहिलाच गणपती, म्हणून त्यांनी त्यांच्या नावाने वर्गणी दिली होती. यादी लागली त्या संध्याकाळी त्या आरतीला आल्या, फलकासमोर उभ्या राहिल्या, यादी वरून खाली दोनदा वाचली आणि काही न बोलता आत गेल्या. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी त्यांच्या सूनबाईंकडून कळलं. पंचेचाळीस वर्षं ज्या घराचं नाव या फलकावर लागत होतं, ते नेमकं त्या वर्षी नव्हतं. काका स्वतः स्थळप्रत घेऊन त्यांच्या घरी गेले. आम्ही मागोमाग गेलो, पण बोलायचं काम काकांनीच केलं.

आता कोडं असं होतं की फाइल उघडली तर सहाही नोंदी तिथे दिसत होत्या. नावं बरोबर, रकमा बरोबर. आम्ही चौघांनी वाचल्या, काकांनी वाचल्या. फाइलमध्ये आहेत, यादीत नाहीत. दोन संध्याकाळी आम्ही प्रोग्रॅम तपासत बसलो. सहाही नोंदी आपण चढवलेल्या संध्याकाळच्याच आहेत, हे काकांच्या लक्षात आलं होतं. ते म्हणाले, “यंत्रावर माझा हात बसत नाही, आणि डोळेही गेले आता. पुढल्या वर्षी मला धरू नका.” वही मिटून ते घरी गेले.

तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकीने तीच फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर उघडली आणि किंचाळलीच. तिच्या लॅपटॉपवर फॉन्ट वेगळा होता. त्या फॉन्टमध्ये एक हजार एक ही रक्कम म्हणजे एक, शून्य, शून्य, एक नव्हती. ती होती लहान एल, शून्य, शून्य, लहान एल. मंडळाच्या संगणकावर आम्ही टंकलेखनी वळणाचा फॉन्ट ठेवला होता, आणि त्यात इंग्रजी लहान एल आणि एकाचा आकडा सख्ख्या जुळ्या भावांसारखे दिसतात. वर शेंडी, खाली पाट. रेषा इतक्या बारीक की तिशीतल्या डोळ्यांनाही फरक कळू नये. प्रोग्रॅमला मात्र अक्षराचा सांकेतिक क्रमांक दिसतो, रूप नाही. त्याने पाहिलं की ही रक्कम आकड्यात नाही, आणि ती ओळ सोडून पुढे गेला. गुपचूप सोडून द्यायचं, हे आम्हीच त्याला शिकवलं होतं. पाचशे आणि अडीचशे देणाऱ्यांची नावं म्हणूनच सुखरूप राहिली. गळाली ती वरचा एक देणारी घरं.

पण काकांनी एल का मारला? आम्ही जाऊन विचारलं, तेव्हा क्षणभर तेही गप्प झाले. मग म्हणाले, “अरे, आमच्या मशीनवर एकाचं बटणच नव्हतं!” जुन्या कित्येक इंग्रजी टाइपरायटरांवर आकडे दोनपासून सुरू व्हायचे. एकासाठी लहान एल वापरायचा, काही यंत्रांवर शून्यासाठी मोठा ओ. बटणं वाचायची, यंत्र स्वस्त पडायचं, आणि कागदावर माणूसच वाचणार असल्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. टायपिंगच्या वर्गात हीच सवय बोटांना लावली जायची. काकांच्या बोटांनी साठ वर्षांपूर्वीचा धडा चोख पाळला होता. डोळ्यांचा काही दोष नव्हता. जो फरक पडद्यावर जवळपास दिसतच नव्हता, तो त्यांना दिसला नाही, इतकंच.

यानंतर आम्ही फॉन्ट हा विषय गंभीरपणे घेतला. त्यातलं जे तुमच्या घरातल्या मुलांना आणि लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल, ते सांगतो.

पुस्तकात इंग्रजी आय कमी जागा घेतो आणि एम जास्त. त्यामुळे वाचन सुखाचं होतं. साध्या टाइपरायटरवर हे शक्य नव्हतं. कोणतंही बटण मारा, गाडी एकच घर पुढे सरकायची, म्हणून प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीत बसवावं लागे. आय बिचारा पाय पसरून बसतो आणि एम अंग चोरून. याला मोनोस्पेस, म्हणजे समान रुंदीचा फॉन्ट म्हणतात. कूरियर हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव. १९५०च्या दशकात हॉवर्ड केटलर यांनी ते आयबीएमच्या टाइपरायटरांसाठी आखलं. कागदावर फितीची शाई थोडी पसरायची आणि अक्षर भरीव उमटायचं. पडद्यावर शाई नाही, म्हणून या वळणाचे काही संगणकी फॉन्ट अशक्त, फिकट वाटतात.

टाइपरायटर गेले, तरी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी समान रुंदी सोडली नाही. कारण त्यांना अक्षरं एकाखाली एक हवी असतात. पायथॉन या भाषेत तर ओळ किती घरं आत सरकली आहे, यावर तिचा अर्थ ठरतो. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, “यात नवीन काय? रोजमेळीचे रकाने आहेत हे. एककाखाली एकक आला नाही तर बेरीज कशी मारणार?” इतक्या थोडक्यात आम्हाला हे कधी सांगता आलं नव्हतं. ओळ साधारण ऐंशी अक्षरांची ठेवायची जुनी पद्धतही अशीच मागून आलेली. आयबीएमने १९२८ साली आणलेल्या छिद्रांच्या कार्डावर ऐंशी रकाने होते, पुढे पडदेही तेवढ्याच रुंदीचे झाले. पायथॉनच्या लेखन-संकेतांत आजही ७९ अक्षरांची मर्यादा लिहिलेली आहे.

आता निवड. आम्ही कुणाचं मत विचारलं नाही, परीक्षा घेतली. एका ओळीत फसवी अक्षरं एकत्र टाइप केली: मोठा ओ आणि शून्य, लहान एल, मोठा आय आणि एक, पाच आणि एस, आठ आणि बी, स्वल्पविराम आणि पूर्णविराम, साधा कंस आणि महिरपी कंस, शिवाय आर आणि एन शेजारी आले की त्यांचा एम दिसतो का. क्रम उलटसुलट केला. एकाने पडद्यावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर ताडायचं. ताईंनी चष्म्यासह आणि चष्म्याशिवायही वाचलं.

आम्ही जे तपासले त्यातले चांगले फॉन्ट बरेचसे फुकट आणि मुक्त परवान्याचे आहेत, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे फॉन्ट म्हणजे कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आणायची वस्तू झाली आहे. सोर्स कोड प्रो हा अडोबीने २०१२ साली काढला, पॉल हंट यांनी आखलेला. आयबीएम प्लेक्स मोनो २०१७चा. या दोन्हींत शून्याच्या पोटात टिंब आहे. जेटब्रेन्स मोनो २०२०चा. त्यात लहान लिपीतली अक्षरं उंच ठेवली आहेत, त्यामुळे तेवढ्याच मापात ती मोठी दिसतात. विंडोजबरोबर येणारा कन्सोलास ल्यूकास दे ग्रूत यांचा, त्यात शून्यावर तिरपी रेघ असते. इन्कन्सोलाटा हा राफ लेव्हियन यांचा. आणि निकिता प्रोकोपोव यांचा फिरा कोड, जो मुलांना फार आवडतो. त्यात उद्गारचिन्ह आणि बरोबरचिन्ह जोडून मारलं की ‘समान नाही’ असं एकच चिन्ह दिसतं. दिसायला सुरेख. पण नवशिक्याला आपण नेमकी कोणती बटणं दाबली, हे त्यात कळत नाही. शिकणाऱ्या मुलांसाठी ही सोय बंद ठेवावी, असं आमचं ठाम मत आहे. यावर समितीत भांडण झालं आणि ते मिटलेलं नाही.

फॉन्टच्या नावापेक्षा दोन गोष्टींनी जास्त फरक पडला. एक, माप. आम्ही सगळे अकरा-बारा मापावर काम करत होतो, ते सोळावर नेलं आणि ओळींमधलं अंतर वाढवलं. दुसरी, पार्श्वभूमी. मुलांना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आवडतात. ताई म्हणाल्या की त्यांना त्या अक्षरांभोवती धुकं दिसतं. फिकट पिवळसर पडद्यावर काळी अक्षरं ठेवली तर त्या तासभर बसू शकतात. ज्याच्या डोळ्यांना जे सोसेल ते, यात हट्ट नको.

आता आपल्या लिपीकडे येतो. खरी अडचण इथे आहे.

इंग्रजीसाठी केलेल्या या फॉन्टांत देवनागरी बहुधा नसतेच. मराठी अक्षर आलं की संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून ते आणतो, विंडोजवर मंगल किंवा निर्मला. मंगल प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी आखलेला. त्यामुळे एकाच ओळीत दोन घराण्यांची अक्षरं शेजारी बसतात. एकाची उंची जास्त, दुसऱ्याची मात्रा वरच्या ओळीला टेकते. यावर उपाय म्हणजे संपादकाच्या सेटिंगमध्ये दोन नावं क्रमाने द्यायची, आधी इंग्रजीचा फॉन्ट, मग आपण निवडलेला देवनागरीचा. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी आम्ही वापरून पाहिले. मुक्तचं गुजराती भावंड मुक्त वाणी आहे. आपल्यासारख्या दोन लिप्यांत वावरणाऱ्यांना ही जोडी सोयीची.

पण देवनागरी समान रुंदीत बसते का? काकांच्या मराठी मशीनवर बसवली होती, ती कशी, ते त्यांनीच हातवारे करून दाखवलं. अर्धा ग मारायचा, मग काना, की झाला पूर्ण ग. उकार आणि अनुस्वाराची बटणं अशी की ती दाबली तरी गाडी जागची हलत नाही. आधी ते चिन्ह, मग त्यावर अक्षर. संगणकाचा हिशेब निराळा. ‘मंगलमूर्ती’ हा शब्द आपण पाच अक्षरांचा म्हणतो: मं, ग, ल, मू, र्ती. संगणकाच्या लेखी तो दहा चिन्हांचा आहे, कारण अनुस्वार, ऊकार, हलन्त आणि वेलांटी त्याने वेगवेगळी मोजली. ‘श्री’ आपल्याला एक, त्याला चार. आमच्या प्रोग्रॅमने नावाला तीस घरं राखून उरलेल्यांत मोकळ्या जागा भरल्या. मग जोडाक्षरं जास्त असलेल्यांची रक्कम डावीकडे सरकली आणि साध्या नावांची उजवीकडे. यादी दातपडक्या फणीसारखी दिसत होती. मराठी नावांचा रकाना मोकळ्या जागा मोजून जुळवायचा प्रयत्न कुणी करू नये. कोणताही फॉन्ट तिथे वाचवत नाही. रकाने वेगळे करायचं काम तक्त्यावर सोपवावं.

दुसरं प्रकरण कऱ्हाडे मंडळींचं. शोधाच्या चौकटीत ‘कऱ्हाडे’ टाइप केलं की आपल्या यादीतली अर्धी घरं सापडत आणि अर्धी सापडत नसत. कारण ऱ्ह दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात र ला नुक्ता दिलेलं स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी, संगणकाला मात्र वेगळी माणसं. इथे फॉन्ट बदलूनही फरक दिसत नाही. संपादकात अदृश्य चिन्हं दाखवायची सोय चालू केली, तेव्हा ती सापडली. आता नोंद होतानाच प्रोग्रॅम सगळे ऱ एका पद्धतीत बदलून घेतो.

आणखी एक खटकणारी गोष्ट. आपला ल दोन पाकळ्यांचा, आपला श देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असंच म्हटलं आहे. पण बऱ्याच फॉन्टांत मुळात हिंदी वळण असतं. मराठी वळण आत असलं, तरी मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाही, आणि साध्या संपादकात तसं सांगायची जागा नसते. छपाईच्या वेळी मात्र सांगता येतं. या स्मरणिकेसाठी आम्ही तसं सांगितलं आहे. कुणी म्हणेल, परगावी राहणाऱ्यांनी ल चा एवढा बाऊ कशाला करावा? इथल्या पोरांना मराठी अक्षर दिसायची ठिकाणं आधीच मोजकी आहेत, म्हणून आम्ही करतो.

प्रोग्रॅममध्ये बदल केला तोही सांगायला हवा, नाहीतर सगळं खापर फॉन्टवर फुटेल. रकमेत आकड्याखेरीज काही आलं तर तो आता थांबतो आणि कोणती ओळ, ते लाल अक्षरांत दाखवतो. ओळ सोडून पुढे जात नाही.

काकांचं म्हणाल तर ते फेब्रुवारीत परत आले. आम्ही गेलो होतो लॅपटॉप घेऊन, प्लेक्स मोनो, माप अठरा, पडदा पिवळसर. त्यांनी गेल्या वर्षीची फाइल वरपासून वाचली, आणि स्वतःचे सगळे एल, आमच्यातल्या कुणाच्या मदतीशिवाय, एकेक करून शोधून काढले. नंतर म्हणाले, “शून्याच्या पोटातलं टिंब काढता येईल का? डाग पडल्यासारखं वाटतं.” ते राहू द्या, असं आम्ही सांगितलं. ते अजून त्यावर नाराज आहेत. एकाचं बटण कुठे आहे, हे मात्र त्यांनी कीबोर्डवर लाल टिकली लावून ठेवलं आहे.

यंदाची यादी दारात लागली आहे. आजींच्या घराचं नाव तिसऱ्या ओळीत आहे. बाकीच्यांनीही जाताना आपापलं नाव पाहून घ्यावं, विशेषतः कऱ्हाडे मंडळींनी. काही चुकलं असेल तर अनंत चतुर्दशीच्या आत काकांकडे सांगावं. ते रोज संध्याकाळी सात ते नऊ कार्यालयात बसतात.